दोघांत एक केक

२० एप्रिल २०२३, गुरुवार
जॅनिसचा स्कॅन झाला. रिपोर्ट १६ मे, मंगळवार, सकाळी नऊ. हॉस्पिटलचं पत्र फ्रिजवर क्रोएशियातल्या झाग्रेबच्या फोटोशेजारी लावलं. तो फोटो तिने अकरा वर्षांपूर्वी मासिकातून कापलाय. म्हणाली, नेव्हिल, रिपोर्टच्या आधी जाऊन येऊ या. फोटोतल्या त्या चौकात पाय वर करून बसायचं आणि तुझ्याबरोबर क्रीमचा केक खायचा. बस्स, बाकी काही नको.
तिकिटं काढली. १२ ते १४ मे. रिपोर्ट चांगलाच येणार. डॉक्टर फोनवर हसत होते.

२२ एप्रिल
बजेट तयार. कौन्सिलच्या घरांच्या भाडेवसुलीत एकतीस वर्षं काढली ती काही उगाच नाही. प्रत्येक दिवसाचं वेगळं पाकीट. नाश्ता हॉटेलात फुकट, त्यातलेच सँडविच फॉइलमध्ये बांधून दुपारचं जेवण. चहाच्या पिशव्या घरून. कॉफी: दोन. केक: एक, दोघांत.
जॅनिस म्हणाली, दोन घेऊ की रे. म्हटलं, हल्ली अर्ध्याहून जास्त तू टाकूनच देतेस. ती कपबशा विसळायला गेली. म्हणजे पटलं.

२९ एप्रिल
शाब्बास मी! आमच्या भाजीच्या वाफ्याशेजारी ज्याचा वाफा आहे त्या डेस्मंडकडे क्रोएशियाचे पैसे पडून होते. १७२० कुना. दोनशे पौंडांचा माल शंभरात! सेकंडहँड दुकानातून पन्नास पेन्सला आणलेल्या गाइडबुकात भाव ताडून पाहिला (आवृत्ती २०११, जवळजवळ कोरी). डेस्मंडने मान वर न करता पैसे खिशात घातले. लाजाळू आहे बिचारा.

४ मे
जॅनिस म्हणाली, फोनवर एकदा बघून तर घे. म्हटलं, बाई गं, पुस्तकात छापलंय. शिवाय निर्णय: बँकेची कार्डं घरीच ठेवायची. हाताशी असली की मोह होतो.
तिने कोट चढवला. मग पोस्टात तिकिटं आणायला गेली. दोन तिकिटांना पाऊण तास लागतो? पोस्टाचं काही खरं राहिलं नाही.

१२ मे, शुक्रवार
बॅगेचे पैसे वाचवायला तीन स्वेटर अंगावर घालून विमानात. घामाने अंघोळ. जॅनिसला मात्र तीन घालूनही थंडी वाजत होती.
हॉटेलची गाडी खोलीच्या भाड्यातच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत खर्च शून्य. मग पाण्याची बाटली घ्यायला गेलो. दुकानदाराने नोट बघितली, बायकोला हाक मारली, दोघं मिळून हसले. म्हणे, आजोबा, जानेवारीपासून इथे युरो. आता हे फक्त बँकेत बदलून मिळतील.
मला कोणी कळवलं नाही. याला अक्कलखाती जमा म्हणता येणार नाही. फार तर अडकलेली रक्कम.

१३ मे, शनिवार
सकाळी नाश्त्याला सहा सँडविच लांबवले. जॅनिसला चौकात बाकावर बसवलं. म्हटलं, अकरा वाजलेत, बँकेत जाऊन तासाभरात येतो. ती म्हणाली, राहू दे ना, बस इथे, माझ्याकडे आहेत... म्हटलं, काळजी करू नकोस, हा माझा विषय आहे.
बँक बंद. शनिवार! दोन फेऱ्या मारल्या, मागचं दारही बंद. परतताना रस्ता चुकलो. पुस्तकातल्या नकाशात नसलेले रस्ते होते.
पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. जॅनिस बाकावर नव्हती. समोरच्या कॅफेत होती, पाय खुर्चीवर. समोर दोन केक. एकाचा कोपरा तेवढा मोडलेला, दुसरा अख्खा, क्रीम उन्हात वितळलेलं. म्हणाली, तुझ्याबरोबर खायचा म्हणून थांबले रे. मग मळमळायला लागलं.
पैसे कुठले, विचारलं. पोस्टातून युरो घेतले होते, त्या चार तारखेला. म्हणजे माहीत होतं! मग बोलली का नाहीस? म्हणाली, किती खूश होतास तू. महिनाभर दुसरं कुठलं हसू होतं आपल्या घरात?
पोस्टाचा भाव फार वाईट असतो, हे मी तिला सांगितलं. 
माझा केक तसाच राहिला. बजेटबाहेरचा होता. 

१४ मे, रविवार
विमान रात्री. म्हटलं, चल, चौकात जाऊ, आज मी हलणार नाही. ती म्हणाली, बाथरूमपर्यंत गेले तेच खूप झालं, नेव्हिल. दिवसभर खोलीत. चार सँडविच उरले.

१६ मे, मंगळवार
डॉक्टर हसले नाहीत. लिव्हरमध्येही पसरलंय. म्हणाले, उन्हाळा निघावा, ऑगस्टपर्यंत. विमानप्रवास आता नको. जॅनिसने त्यांचे आभार मानले. मी रिपोर्टची प्रत मागितली.
पार्किंगचे चार पौंड वीस. माझ्या खिशात कुनाच निघाले. तिनेच भरले.

१९ मे, शुक्रवार
झाग्रेबच्या राष्ट्रीय बँकेला फोन लावला. बाई माझ्यापेक्षा स्वच्छ इंग्रजी बोलत होती. म्हणाली, घाई नाही, कधीही या, या नोटांना मुदत नाही.
जॅनिसला वर जाऊन सांगितलं. हसली, इतकी हसली की खोकला लागला. म्हणाली, नोटांचं बरंय.
संध्याकाळी सप्टेंबरमधल्या झाग्रेबचं बजेट केलं. डॉक्टर लोक कमीच सांगतात, नंतर कोणी नावं ठेवायला नको म्हणून. या खेपेला बुधवार धरलाय, बँक उघडी असते.
कॉफी: दोन. केक: दोन. माणसं: दोन.