लॅचची दुसरी किल्ली

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आधीच सांगते, नोकरी शाबूत आहे आणि जेवतेही वेळेवर.

मंगळवारी माझ्याच हातून घोळ झाला. दवाखान्याच्या ओपन सोर्स डेटाबेसमधून एका रुग्णाची दुबार नोंद काढायची होती. कमांड दिली, पण कोणाची नोंद ते लिहायचंच राहिलं. क्षणात सगळ्या रुग्णांच्या नोंदी साफ.

तुम्ही दर महिन्याला लॅचची दुसरी किल्ली लावून बघायचात आणि आई हसायची. तसंच मी दर सोमवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघते, तो खरंच चालतो का म्हणून. इथलेही हसतात. पण त्या दिवशी आदल्या रात्रीचा बॅकअपच कामी आला. सकाळच्या अकरा नोंदी तेवढ्या कागदावरून पुन्हा भरल्या. साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारी मलाही बोलवत जा."

गुडघा कसा आहे? नुसतं "मजेत" म्हणू नका.

आई गेल्यापासून दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. ती अजून लागते का, ते एकदा त्यांनाच बघायला सांगाल? तुम्ही आत असताना.

तुमची,
धाकटी