दोन गौरींची वाटणी

नया बाजार, लश्कर
१४ जुलै १९५७

प्रिय वनमाला,

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. पण तो तुझ्यावर कमी आणि पांडुरंगकाकांवर जास्त आहे. राजधानी इथून भोपाळला गेली, सचिवालयाबरोबर भालचंद्रची बदली झाली आणि सामान बांधता बांधता आपण नणंद-भावजया आईच्या गौरींवरून भांडलो. काका मध्ये पडले. "बायका दोन, मुखवटे दोन. चलो, फैसला हो गया!" ज्येष्ठा मला, कनिष्ठा तुला. पिढ्यान्‌पिढ्या जोडीनं उभ्या राहणाऱ्या बहिणी त्यांनी कचेरीतल्या खुर्च्यांसारख्या वाटल्या, आणि मी कॉन्व्हेंटात शिकले म्हणून मला देवधर्मातलं कळत नाही, असंही वर ऐकवलं! पण बत्तीस वर्षं मुलींना शिकवूनही एक साधा प्रश्न मला सुचला नाही. तुला गौरी कशासाठी हव्यात, हे मी विचारलंच नाही.

ते परवा भालचंद्रच्या पत्रातून कळलं. सरकारी क्वार्टरात सगळे अनोळखी, दिवसभर बोलायला कुणी नाही. घरी गौरी उभ्या राहिल्या तर हळदीकुंकवाला चार बायका येतील, एवढंच तुला हवं होतं. बाई गं, तोंडानं सांगायचंस ना! अर्थात मी तरी कुठे सांगितलं? गौरी इथे राहिल्या तर वर्षातून तीन दिवस तुम्हाला यावंच लागेल, असा माझा हिशेब. आता भालचंद्रला रजाच मिळत नाही म्हणे. म्हणजे भाद्रपदात तू एकट्या कनिष्ठेपुढे बसणार आणि मी एकट्या ज्येष्ठेपुढे. काकांचा फैसला!

तेव्हा माझं ऐक. गौरी तुझ्याकडेच उभ्या राहू देत. दोघीही, दरवर्षी. शेजारणींना आत्ताच सांगून ठेव. मात्र ज्येष्ठा मी पार्सलनं पाठवणार नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातीही देणार नाही. वर्षभर ती माझ्याकडे राहील, आणि आवाहनाच्या आदल्या दिवशी मी स्वतः तिला घेऊन गाडीत बसेन. पुरण मी करीन. तुझं सैल होतं.

निघताना तू एकेक वस्तू विचारून नेलीस. वन्सं, परात नेऊ का? वन्सं, पाटा नेऊ का? वन्सं, तुम्ही येता का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मी आले नसते कदाचित. पण त्या दिवशी मुखवटे धरून बसले, ती त्यामुळे. आता चार ओळींचं बोलावणं पाठव. भालचंद्रच्या नको, तुझ्या अक्षरात.

तुझीच,
राजलक्ष्मी वन्सं