एका डीव्हीडीवर एकच कॅसेट

प्रिय भोपळ्या,

जमलं. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं. सकाळपासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, आणि बाबांना सांगण्यात अर्थ नाही, कारण ते टीव्हीसमोरून उठायलाच तयार नाहीत. या पत्राबरोबर डीव्हीडींचा गठ्ठा पाठवतेय. आपल्या घरच्या शूटिंगच्या जुन्या कॅसेटा, एका डीव्हीडीवर एकच. एवढा पसारा कशाला, सगळं एकीवर मावलं असतं, असं म्हणायला तोंड उघडलं असशील तर मिट आणि पुढे वाच.

तेच तर आधी झालं होतं. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे कॅसेटा दिल्या, तर त्याने सगळ्या एकाच डीव्हीडीत कोंबल्या आणि वर माझ्या कपाटातली जागा वाचवली म्हणून खूशही झाला. घरी येऊन लावली. खिडकी दिसत होती, पडदा दिसत होता, आई तिच्या उंच स्टुलावर बसलेली दिसत होती. पण तिचे हात हलले रे हलले की मनगटापुढे नुसते चौकोन. परत नेऊन दाखवली, तर तो म्हणतो की चित्र झकास आहे, त्या बाई हात हलवतायत तेवढंच जरा पुसट आलंय. माझं डोकंच फिरलं. पण त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि आयुष्यभर ती जे काही बोलली ते मनगटाच्या पुढेच बोलली. त्याच्या दृष्टीने ती हात हलवत होती. मला मात्र कुणीतरी तिचं तोंड दाबून धरल्यासारखं वाटलं.

बाबांचं शूटिंग आठवतंय ना? सगळ्या नातेवाइकांची मुंडकी उडवलेली. आत्या अजून कुरकुरते, की स्वतःच्याच लग्नाच्या कॅसेटमध्ये ती हनुवटीपासून कमरेपर्यंत आहे. बाबांचा कॅमेरा कायम हातांवर, कारण त्यांच्या लेखी माणूस बोलतो तो तिथूनच. आत्या तोंडाने बोलते, तेही भरपूर, पण कॅमेऱ्याने तिचेही हात काही सोडले नाहीत. इतकी वर्षं आपण त्यांची टर उडवली, आणि आता मला त्या सवयीवरून जीव ओवाळून टाकावासा वाटतोय.

मग मीच पदर खोचला. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे नंबर काढते मी. धूसर दिसतंय हे ऐकणं हाच माझा धंदा, तेव्हा आपल्याच आईच्या बाबतीत ते ऐकून कशी घेईन? बाबांचा कॅमेरा काढला, आतली धूळ साफ केली, आणि पहिल्याच कॅसेटला त्याने फीत चावली. हलक्या हाताने सोडवली, सुरकुती पडली पण तुटली नाही. त्या दिवसापासून मी त्या कॅमेऱ्याशी लाडीगोडीने वागतेय. कधी कायमचा बसेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक कॅसेट एकदाच चालवायची, आणि चालवायची तेव्हा जशीच्या तशी, चित्र जराही न आवळता कॉम्प्युटरमध्ये उतरवायची असं ठरवलं. त्याला जागा किती लागते विचारू नकोस. तुझ्या भावोजींनी हौसेने जमवलेली सगळी गाणी कॉम्प्युटरमधून हद्दपार केली. ते अजून गाल फुगवून बसलेत, अगदी आई खुणेने तुला भोपळ्या म्हणायची तसे.

एवढं करून डीव्हीडी करायला घेतली, तर तो प्रोग्राम मला विचारतो, चित्र स्वच्छ करून देऊ का. म्हटलं, दे बाबा. त्याने चित्रातली खरखर काढली आणि तिच्याबरोबर आईची करंगळीही पुसून टाकली. तुला आठवत असेल नसेल, आईच्या बोलण्यात करंगळी मिटलेली असली तर गोष्ट होऊन गेलेली, उघडी असली तर व्हायची. करंगळी गेली की जेवलास आणि जेवशील यात फरकच उरत नाही. ताबडतोब ती स्वच्छता रद्द केली. राहू दे खरखर.

पण खरी गंमत पुढेच आहे. एका डीव्हीडीवर एकच कॅसेट घेऊनसुद्धा बोटांना पुसट कड राहत होती. शोधत बसले, तर लक्षात आलं की आवाज मी पूर्ण ताकदीचा ठेवलाय आणि तो चित्राची जागा खाऊन बसलाय. आणि आवाज कसला, तर पंख्याचा आणि बाबांच्या खोकल्याचा. हसू आवरेना मला. आवाज आवळून टाकला आणि ती सगळी जागा आईच्या हातांना देऊन टाकली. मग सगळ्यात सावकाश वेगाने डीव्हीडी लिहायला लावली आणि घरात कुणाला कॉम्प्युटरच्या टेबलाला टेकूही दिलं नाही.

आज सकाळी बाबांना बसवलं. आई पडद्यावर आली आणि काही बोलली. बाबा हसायला लागले, आणि बघते तर त्यांचे हात उठून तिला उत्तर देतायत. कॅमेरा ठेव आणि आधी दूध बघ, उतू जातंय, असं ती त्यांना सांगत होती, आणि बाबा तिला सांगत होते, की बघतो, बघतो. इतक्या वर्षांनी त्यांची बोटं इतकी भरभर चाललेली पाहिली मी. मला रडू आलं, पण आनंदाचं. आई गेल्यापासून त्यांच्याशी त्या भाषेत कुणी भांडलंच नव्हतं.

आता या सगळ्या खटाटोपाचं कारण सांगते. तुझ्या लेकीला ऐकू येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू फोन केलास आणि एकच म्हणत राहिलास, की आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, सगळं विसरलोय, मी पोरीशी बोलू कसा. तुझी बायको मागे रडत होती. फोन ठेवला आणि थेट कॅसेटांच्या खोक्याकडे गेले. गठ्ठ्यातली सगळ्यात वरची डीव्हीडी आधी लाव. त्यात आई तुला बोलायला शिकवतेय. तू तिच्यासमोर गादीवर बसलेला, जेमतेम बसायला लागलेला. ती दूध म्हणते, पाणी म्हणते, ये म्हणते, प्रत्येक खूण सावकाश, आणि प्रत्येक खुणेनंतर हात मांडीवर ठेवून तुझ्याकडे बघत थांबते. तू लगेच काही करत नाहीस. ती घाई करत नाही, बाबाही कॅमेरा हलवत नाहीत. तिघं समोर बसा, लेकीला मधे घ्या. तिचे हात उठायला वेळ लागला तर लागू दे, तिची आजी थांबलेली आहे.

तुझीच,
ताई