मुठीतला गंज

बाबा, कॉव्हेंट्रीचं घर रिकामं करताना तुमची तलवार माझ्याकडे आली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आई आता माझ्याजवळ इल्फर्डला असते आणि तिला ती नजरेसमोरही नको आहे. तुम्ही असताना मला त्या तलवारीजवळ फिरकायची परवानगी नव्हती. कारखान्यातल्या तुमच्या फोरमनने ब्रह्मदेशातल्या लढाईतून ही जपानी तलवार आणली होती आणि निवृत्त होताना पोटच्या मुलाला सोडून तुम्हाला दिली, ही गोष्ट तुम्ही आल्यागेल्याला ऐकवायचात. माझ्या नर्सिंगच्या निकालाबद्दल मात्र तुम्ही कोणाला सांगितल्याचं आठवत नाही.

खंडेनवमी आठवते. किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तुमचे कारखान्यातले पाने-पक्कड, आईची कात्री आणि मधोमध ती. तुम्ही मूठ उतरवता आणि मुठीच्या आत दडलेला पात्याचा काळा भाग चिंच लावून तारेच्या घासणीने खसाखसा घासता. पूजेला गंजकं शस्त्र ठेवायचं नाही, म्हणता. मी नऊ वर्षांची. तुमची पाठ वळताच मी पात्यावर एक बोट ठेवते. गार लागतं. दुसऱ्या दिवशी तिथे ठसा उमटलेला असतो.

"हात लावू नकोस म्हटलं होतं ना? घामाने स्टील खराब होतं. एवढी साधी अक्कल नाही तुला?"

पाहुण्यांसमोर बोललात. त्यानंतर दर खंडेनवमीला मला वरच्या खोलीत बसवलंत, थेट लग्न होईपर्यंत. एका बोटासाठी एवढी शिक्षा, बाबा? मला त्याचा अजून राग येतो.

यंदा या देशात सामुराई तलवारींच्या विक्रीवर बंदी आली, खऱ्या जुन्या तेवढ्या वगळून. विकायची तर तपासून घेणं भाग होतं, म्हणून नॉटिंगहॅमच्या एका जुन्या शस्त्रांच्या जाणकाराकडे नेली. खरं सांगते, ती खोटी निघावी एवढंच मला हवं होतं. तुमचा तोरा तुमच्या मागे का होईना, उतरावा. त्याने तलवार, धार वर ठेवून, सावकाश म्यानातून काढली, मऊ कागदाने पुसली, दिव्याखाली तिरपी धरून धारेलगतची धुरकट रेघ बराच वेळ न्याहाळली. "जुनी आहे. अगदी अस्सल," तो म्हणाला. माझा चेहरा पडला. माझ्या बोटाचा पात्यावर मागमूसही नव्हता. मग त्याने बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली आणि दिवा जवळ ओढला. आतला भाग चमच्यासारखा चकचकीत होता. तिथला गंज कधीच काढायचा नसतो, त्याने समजावलं. त्याच्या रंगावरून वय कळतं आणि घडवणाऱ्याचं नावही तिथेच कोरलेलं असतं. नावाच्या जागी आता दोनचार पुसट ओरखडे उरले होते.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही, पण अडाण्याचं काम आहे असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

याच क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. 'माझ्या वडिलांनी' एवढे दोन शब्द पुरे होते.

"मी," मी म्हणाले. "लहान होते, कळत नव्हतं."

त्याने मान हलवली आणि तेल किती, कसं लावायचं ते शाळकरी मुलीला सांगावं तसं मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: घरी येताना गाडीत मला माझाच संताप आला. परक्या माणसाने तुम्हाला अडाणी म्हणू नये, असं मला अजूनही वाटतं.