हेळव्यानं न घेतलेलं नाव

अप्पा, काल मी हेळव्याला घरात बोलावलं. तुम्ही असता तर बोलावू दिलं नसतं. घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारी ही माणसं सुगीनंतर केलगेरीला यायची, तेव्हा शेजारपाजारचे ओट्यावर बसून आपले आजे-पणजे ऐकायचे. तुम्ही मात्र अंगणातच झोळीत जोंधळे घालून त्याला वाटेला लावायचात. एकदा मी हट्ट धरला, आपलेही ऐकू म्हणून. तुम्ही दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलंत. "मेलेल्यांना उठवून काय करणार आहेस?" म्हणालात. तुमचा हात कापत होता. मला वाटलं, रागानं.

पुढे छापखान्यात तुमच्या बोटांतून अक्षरांचे खिळे गळायला लागले. मालकानं तुम्हाला प्रुफं वाचायला बसवलं. मग पाय गेले, मग बोलणं. आई म्हणायची, उन्हात सायकल मारल्यानं झालं. आम्ही तेच धरून चाललो.

आता माझा मुलगा तारिहाळच्या कारखान्यात लेथवर आहे आणि त्याच्या हातातली कपबशी वाजते. विद्यानगरातल्या डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात मागे कुणाला असं होतं का? नात बारावीला आहे, सून तिच्याकडे बघत राहते. मुलानं रिवाजाप्रमाणे वडिलांच्या घराण्याचा हेळवा अळणावरकडे जाऊन गाठला. शेतकरी, पैलवान, विहिरीत पडून गेलेला एक, सगळे ऐकून आला. हात कापणारा कुणी नव्हता. येताना पेढे आणले. "आई, आपल्यात कुणाला नाही," म्हणाला. तुमच्याकडचं विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तो जन्मला तेव्हा तुम्ही नव्हता, आणि आपल्याकडे घराणं म्हणजे बापाचं. पेढा माझ्या हातात तसाच राहिला. सातवीत शाळा सुटली, तरी वाचायचं मी सोडलं नाही. वाचनालयातून शरीराचं एक पुस्तक आणलं. असा आजार आईकडूनही येतो, असं त्यात सरळ लिहिलंय. यजमान गेल्याचं दुःख आता माझ्या ओळखीचं झालंय. ही भीती ओळखीची नाही.

म्हणून आपला, माझ्या माहेरचा हेळवा शोधला. पूर्वीचे बैलावर बसून यायचे, हा मोटारसायकलवर आला. चटईवर बसून, डोळे मिटून कानडीत म्हणू लागला. सूर ऐकायला गोड वाटतो. तुमच्या आजोबांना तो 'नडुगो कैयव' म्हणाला, कापऱ्या हातांचा. त्यांच्या वडिलांच्या हातात बैलाचा कासरा टिकत नव्हता, शेवटी त्यांना बाजेवरून उचलून नेत. कुणाला पैलवान म्हणावं, तशाच सुरात हे सगळं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. तुमचं नाव आलं आणि त्यानं हात जोडले. "इल्लिगे मुगीतु, अव्वा." इथं संपलं. तुम्हाला मुलगा नव्हता ना.

"संपलं नाही," मी म्हटलं. "मी आहे. माझा मुलगा आहे."

तो हसला. लेकी दुसऱ्या घरच्या, म्हणाला, त्याही म्हणायला लागलो तर पाठ करायला दोन जन्म लागतील.

अप्पा, तुम्ही हे तुमच्या वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलं असणार. अंगणातून त्याला का घालवत होता, ते कळलं. माझ्या लग्नात अक्षता टाकताना तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होता, तेही आता कळलं.

संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हणजे तुलाही?" मी दोन्ही हात पसरून दाखवले. स्थिर होते. त्यानं ते जरा जास्तच वेळ पाहिले. "उद्या डॉक्टरांना सांगतो," म्हणाला, आणि आधी उठून नातीच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं, तुम्ही जिवंतपणी पुष्कळ घाबरलात. एक मात्र मुलाला सांगितलेलं नाही. हल्ली शिवायचं काही नसलं तरी सकाळी उठल्यावर मी सुईत दोरा ओवून बघते. आज तो लगेच गेला नाही. चष्मा लावला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. चष्मा डोळ्यांवरच होता.