दादूच्या पानावर कोण येतं

३ मार्च

तीन! अख्ख्या आठवड्यात दादूचं पान तिघांनी उघडलं. त्यातली एक मी. दुसरी पुतणी, तिनेच ती वेबसाइट बनवून दिली. तिसरं कोण, देव जाणे.

सगळं टाकलंय त्यावर. फोटो, उंची, भुवईवरची खूण, घरातून गेला तेव्हाचे कपडे, माझा नंबर. पण बघायलाच कोणी येत नसेल तर काय करायचं? पोलिसांनी केव्हाच हात वर केले. "सज्ञान आहे हो बाई तुमचा मुलगा. स्वतःच्या पायांनी गेलाय."

पुतणीला फोन केला. म्हणाली, "काकू, नुसतं पान टांगून ठेवलं तर कोण येणार? लोक जिथे प्रश्न विचारतात ना, तिथे जा. उत्तरं दे. उत्तर पटलं की माणसं बघतात, ही कोण बाई. तिथे आपल्या पानाचा पत्ता ठेवायचा."

"मला गं काय येतं?"

"डाग काढता येतात की!"

खरंच की. लाँड्रीत जन्म गेला माझा.

ह्यांना सांगितलं. शर्टाच्या बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले. "कशाला गं उगाच," एवढंच म्हणाले. दीड वर्षात हा माणूस दादूबद्दल स्वतःहून एक शब्द बोललेला नाही. मुलगा माझ्या एकटीचा आहे जणू!

९ मार्च

प्रश्नोत्तरांच्या साइटवर नाव नोंदवलं. कपड्यांचे प्रश्न एवढे असतील असं वाटलं नव्हतं. दिसेल त्याखाली उत्तर ठोकून दिलं. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ — माझा मुलगा हरवलाय, कृपया इथे बघा. बोटं दुखायला लागली.

११ मार्च

हाकललं मला!! "जाहिरातबाजीमुळे आपलं खातं बंद करण्यात येत आहे." मुलगा हरवलाय ही जाहिरात?

पुतणीला रडत रडत सांगितलं. तिला दया येईल असं वाटलं होतं. कसली! "काकू, तू प्रश्न तरी वाचलेस का? त्या माणसाने शाईचा डाग विचारलाय, तू त्याला तेलाचं सांगितलंयस."

ताडकन फोन ठेवला. मग वाचलं. शाईच होती.

१४ मार्च

देखरेख करणाऱ्यांना माफीचं लिहिलं. परत घेतलं. अट एकच, उत्तरात पत्ता टाकायचा नाही. माझ्या नावावर बोट ठेवलं की जी माहिती दिसते, तिथे चालेल.

कोण एवढं बोट ठेवणार?

२० मार्च

आज एका नर्सने विचारलं होतं. पांढऱ्या गणवेशावर रक्ताचे डाग, गरम पाण्यात भिजवले तर आणखी गडद झाले. नोकरी नवी आहे, मोठ्या सिस्टर ओरडतात.

तिला नीट लिहिलं. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं, बाई. आधी थंड पाणी. मग मीठ हलकेच चोळायचं, उलट्या बाजूने. ब्रशने घासायचं नाही. एका खेपेत निघणार नाही, दोन-तीन खेपा करायच्या, मध्ये वाळवायचं नाही. आणि सिस्टरना सांग, डाग कामाचा आहे, आळसाचा नाही!

संध्याकाळी तिचं उत्तर — निघाला काकू, निघाला!!

उगाचच डोळ्यांत पाणी आलं. लिहिताना दादूचं पान डोक्यातच नव्हतं. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

६ एप्रिल

पानावर माणसं येतायत! पुतणी म्हणते चाळिशी पार झाली, एका दिवसात. मला आता 'डागवाल्या काकू' म्हणतात तिथे. शाई, गंज, ग्रीस, इस्त्रीचा चट्टा, मेणबत्तीचं मेण. लोक माझं नाव घेऊन विचारतात.

फोनही येतात. कोणाला दादू बसस्टँडवर दिसला, कोणाला हॉटेलात भांडी घासताना. एकाला तर एकाच दिवशी दोन गावांत दिसला. एक मेला म्हणाला, "काकू, तुमचा दादू माझ्या डोक्यावरचा डाग आहे, काढता का?" आणि मागे चार-पाच जण खिदळले.

एक बाई आहे, तिचाही मुलगा गेलाय. ती फोन करते आणि बोलतच नाही. मी पण नाही बोलत. दोघी थोडा वेळ तशाच.

हे म्हणाले, "नंबर तेवढा काढ तिथला." नाही काढणार.

१८ एप्रिल

कोणीतरी जाहीर लिहिलंय, सगळ्यांना दिसेल असं. "काकू, तुमच्या मुलाचं पान वाचलं. तो का गेला, ते त्यात कुठेच नाही."

अंगाचा तिळपापड झाला! तुला काय करायचंय रे? भलंमोठं उत्तर लिहिलं, मग पुसलं. इथे लिहिते.

चष्म्याच्या दुकानातली ती मुलगी. मला पसंत नव्हती. दादूने ऐकलं नाही, म्हणून मी तिच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर तिला जे सुनावायचं ते सुनावलं. तिच्या आईबद्दलही बोलले. मालकाने तिला त्याच दिवशी घरी बसवलं. कोणतीही आई हेच करते. दादू मला एक शब्द बोलला नाही. जेवला, ताट धुतलं, झोपला. सकाळी नव्हता.

एवढ्याशा गोष्टीवरून कोणी आईला टाकतं का?

दुपारभर हाच प्रश्न. ह्याचं उत्तर कुठल्या साइटवर विचारू?

१९ एप्रिल

कोणाला उत्तर दिलं नाही.

४ मे, रविवार

पुतणी घरी आली होती. पान कुठून कुठून उघडतात ते तिने दाखवलं. नकाशाच निघतो! बाकीची माणसं येतात, क्षणभर बघतात, जातात. पण एक जण — समुद्राकाठच्या एका बंदराच्या शहरातला — दर रविवारी. उत्तरांमधून आलेला नाही, थेट पानावर येतो. आणि बराच वेळ थांबतो.

"काकू, कोणीही असू शकतं हं," पुतणी म्हणाली.

दुकानात धावले. "अहो, सापडला! मी उद्याच जाते. सकाळच्या गाडीने. फोटो घेऊन घरोघर फिरेन, दुकान न् दुकान पालथं घालेन."

"नको जाऊस."

"का?"

इस्त्री हातात तशीच, शर्टावर टेकलेली. धूर निघाला तरी उचलली नाही. एवढ्या वर्षांत ह्यांनी गिऱ्हाइकाचा शर्ट जाळलेला मी पाहिला नव्हता.

मी पिशवी भरली आहे.

५ मे

गाडी सोडली.

पहाटे दाराशी हे बसले होते. म्हणाले, तो तिथेच आहे. गेल्यावर महिन्याभरातच दुकानात फोन केला होता त्याने. ती मुलगी त्याच्याबरोबर आहे, लग्न केलंय. दोघं बरी आहेत. मला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं. "तू तिथे गेलीस तर ती दोघं तिथूनही जातील. मग मलाही कळणार नाही कुठे."

मी ओरडले नाही. आश्चर्यच.

फोटो काढून टाकला. नंबरही. पान आता कोरं आहे.

मग हे हळूच म्हणाले, "तुझी डागांची उत्तरं तो वाचतो. सगळी."