नॉर्मनने पाडलेलं विमान

बाबा,

गेल्या सुट्टीत पबमध्ये तुम्ही चारचौघांत म्हणालात, "माझ्या नॉर्मनने मरता मरता जर्मन विमान पाडलं, आणि त्याची ही बहीण कुठल्याशा बंगल्यात बसून कागद चाळते!" सगळे हसले. कामाबद्दल तोंड उघडायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून हे पत्रही लिहून झालं की शेगडीत जाणार.

पण एकदा ऐकाच. त्या बंगल्यात आम्ही जर्मनांचे गुप्त संदेश उलगडतो. त्यांच्या प्रत्येक विमानावर वेगळी अक्षरं रंगवलेली असतात, आणि तीच सांगून ते पेट्रोल मागतात, चाकं मागतात. नॉर्मनच्या सोबतच्या वैमानिकाने धूर सोडत खाली जाताना पाहिलेल्या विमानाची अक्षरं तुम्ही गावभर सांगता ना? त्याच अक्षरांनी दुसऱ्या दिवशी सिसिलीतून नवं चाक मागितलं. कधीकधी पडलेल्या विमानाची अक्षरं नव्याला देतात, म्हणून मी कारखान्यातून मिळालेला, कधी न बदलणारा क्रमांकही ताडून पाहिला. तेच आहे. अजून उडतंय.

हे मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. मला कामचुकार म्हणा, खुशाल म्हणा. आई लिहिते, पुढच्या सुट्टीत ये, बापाशी गोड बोल. नाही येणार. रोज कामावर आले की मी आधी ती अक्षरं शोधते, आणि विमान कुठे उतरलंय, कधी निघणार, ते वरिष्ठांना कळवते, म्हणजे आपली विमानं त्याला गाठतील.

मी घरी येईन, तेव्हा तुमचं बोलणं खरं झालेलं असेल.

तुमची कागद चाळणारी,
विनी